शिल्लक जागा कोणाच्या नांवें?

मनुष्यानें उद्यांसाठीं किती राखून ठेवावें, हा प्रश्न धान्याच्या कोठारापुरताच आहे असें आम्हांस पुष्कळ दिवस वाटत असे. परंतु एका महाविद्यालयाच्या संगणक-जाळ्याची आंखणी चालली असतां तेथें हजर राहण्याचा योग आम्हांस आला, आणि हाच प्रश्न निव्वळ आंकड्यांच्या रूपानें समोर उभा राहिला.

जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास एक अंकरूप पत्ता लागतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. त्या महाविद्यालयाच्या वांट्यास सार्वजनिक पत्त्यांची २५६ ची एकच पट्टी आली होती. तिचीं उपजाळीं पाडून तीं प्रयोगशाळा, कचेरी व ग्रंथालय यांस वांटावयाचीं, आणि स्विचचें कोणतें पोर्ट कोणत्या उपजाळ्याचें हें ठरवावयाचें होतें. पण उपजाळें मागेल तेवढें कापून मिळत नाहीं. तें ६४ चें, मग १२८ चें, असें दुपटीनेंच वाढतें. त्यांतील पहिला व शेवटचा पत्ता यंत्रास देतां येत नाहीं, म्हणून ६४ चे ६२ च उरतात. शिवाय अशा पट्टींत १२८ चा तुकडा ० पासून किंवा १२८ पासूनच सुरू व्हावा लागतो. ज्यास ६३ यंत्रें लावावयाचीं त्यानें १२८ घ्यावे, असें गणितच सांगतें. संतोषी मनुष्यालाही येथें गरजेपुरतें घेणें साधत नाहीं!

प्रयोगशाळेंत त्या वेळीं ४० यंत्रें होतीं. प्रमुखांनीं १२८ पत्ते मागितले. कचेरीच्या वडील लेखनिकांस हें रुचलें नाहीं. आंखणी करणाऱ्या तरुणानें प्रयोगशाळेस ० ते ६३ दिले, कचेरी व ग्रंथालय १२८ च्या पलीकडे बसविलें, आणि ६४ ते १२७ हा तुकडा मोकळाच सोडला. प्रयोगशाळा वाढली तर शेजाऱ्याचा एकही पत्ता न बदलतां ती त्यांत पसरूं शकेल.

"म्हणजे तो तुकडा आमचाच कीं!" प्रमुख म्हणाले.

"नाहीं सर, तो अजून कोणाचाच नाहीं."

आमच्या मतें दूरदृष्टि आणि साठेबाजी यांतील सारें अंतर या उत्तरांत आहे. दोघांच्याही हातून जागा रिकामीच राहते; पण एकाची रिकामी जागा समाईक असते, दुसऱ्याची त्याच्या कुलपाखालीं.

साऱ्या जगाचा व्यवहार मात्र असा झाला नाहीं. १९८१ सालीं ठरलेल्या पद्धतींत एकूण पत्ते ४२९ कोटींहून कांहींसे अधिक, आणि संस्थांस देण्याचीं मापें तीनच: १ कोटी ६७ लाखांचें, ६५ हजारांचें व २५६ चें. तीनशें यंत्रें असणाऱ्यास लहान माप अपुरें, म्हणून त्याच्या पदरांत ६५ हजार पडावे. हा लोभ नव्हे, मापाचा दोष होय; तो १९९३ सालीं सुधारला. पण ३ फेब्रुवारी २०११ रोजीं मध्यवर्ती साठा संपला, आणि त्याच एप्रिलपासून आमच्या आशिया-प्रशांत विभागांत प्रत्येक नव्या मागणाऱ्यास फार तर १,०२४ पत्ते मिळूं लागले. उशिरां येणें हा कांहीं आमचा अपराध नव्हता.

स्टॅनफर्ड विद्यापीठानें आपलें कोट्यवधींचें माप २००० सालीं परत केलें. एमआयटीनें तसलेंच माप जवळ ठेविलें, आणि २०१७ सालीं त्याचा मोठा भाग विकावयास काढला. विक्रीनें पडीक पत्ते वापरांत आले, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु गरजवंत आणि पैसेवाला हे एकच नव्हेत. १२८ अंकस्थानांच्या नव्या पद्धतींत टंचाई उरत नाहीं असें कोणी सांगतील. तें खरें आहे. पण जुन्या पत्त्यांवांचून अद्याप पुष्कळांचें चालत नाहीं, आणि विपुलता आली म्हणून मागील वांटणी न्याय्य ठरत नाहीं.

महाविद्यालयांतील तो तुकडा अजून मोकळाच आहे. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनीं आपल्या भिंतीवरील नकाशांत तो पेन्सिलीनें रंगवून ठेविला आहे, असें परवां ऐकिलें. शाईनें नाहीं, एवढें बरें.