रस आणि हितसंबंध

इंग्रजी शब्द शिकवणारी जी लहान लहान पुस्तके बाजारात मिळतात, त्यांत एक जोडी हटकून भेटते: 'अनइंटरेस्टेड' आणि 'डिसइंटरेस्टेड'. पहिला म्हणजे ज्याला रस नाही तो. दुसरा म्हणजे ज्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला नाही तो. उदाहरणही ठरलेले असते. क्रिकेटचा पंच 'डिसइंटरेस्टेड' असावा, 'अनइंटरेस्टेड' नसावा. कोण जिंकते याच्याशी त्याला देणेघेणे नसावे. पण चेंडू आधी बॅटला लागला की पॅडला, हे पाहताना त्याला जांभई येऊ नये. विद्यार्थी हे पाठ करतो, गाळलेली जागा भरतो आणि प्रकरण मिटते.

मला वाटते, प्रकरण तेथेच सुरू होते. कारण ज्यांची ही मायबोली आहे, त्यांच्यातच हा भेद टिकत नाही. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे कंटाळलेला, बेपर्वा, असा अर्थ तिकडे बोलण्यात आणि छापण्यातही सर्रास घेतला जातो. कोशकार दोन्ही अर्थ नोंदवतात. शुद्धतेचे अभिमानी हळहळतात. गंमत अशी, की इतिहासही या अभिमान्यांच्या बाजूने धड उभा राहत नाही. सतराव्या शतकात 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द रस नसलेला या अर्थाने, तर 'अनइंटरेस्टेड' हा निःपक्षपाती या अर्थाने वापरल्याचे दाखले आहेत. पुढे दोघांनी घरे बदलली, आणि आता त्यांतला एक आपल्या जुन्या घराकडे परत निघाला आहे. तेव्हा व्याकरणाच्या नावाने गळा काढण्यात अर्थ नाही. विचार करण्यासारखा प्रश्न निराळा आहे. हे दोन अर्थ एकमेकांत इतक्या सहजी मिसळतात तरी का?

एक सोपे उत्तर असे, की इंग्रजीने एकट्या 'इंटरेस्ट' या शब्दावर तीन ओझी लादली आहेत: रस, हितसंबंध आणि सावकाराचे व्याज. मराठीत या तिघांना तीन शब्द आहेत. (त्यांतल्या 'व्याज' या शब्दाचा संस्कृतातला अर्थ बहाणा किंवा कपट असा आहे, हे कर्ज काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.) म्हणजे आपल्याकडे तरी घोटाळा व्हायला नको होता. पण तो झाला आहे. 'उदासीन' हा शब्द पाहा. मूळ अर्थ वर, बाजूला बसलेला. कोणाचीच बाजू न घेणारा. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना हा शब्द येतो, आणि तो 'दक्ष' या शब्दाला अगदी खेटून येतो. जो दक्ष आहे तोच उदासीन आहे, यात गीतेला काही विसंगती वाटत नाही. आज मात्र नगरपालिका उदासीन आहे असे आपण म्हणतो तेव्हा ती दक्ष नाही, एवढेच आपल्याला सांगायचे असते. 'तटस्थ' या शब्दाचीही हीच गत. काठावर उभा राहून तो पाण्याची खोली मोजतो आहे, की बुडणाऱ्याकडे नुसता पाहतो आहे, हे आता त्या शब्दावरून कळत नाही.

दोन अगदी निराळ्या भाषांत एकाच ठिकाणी घसरण व्हावी, हा योगायोग मानायला माझे मन तयार नाही. मला वाटते, ज्याचा स्वार्थ नाही त्याला आस्था तरी कशाला असेल, असे आपण सारेच मनातून मानतो.

कायद्याने या संशयाला मोठा मान दिला आहे. इंग्लंडमध्ये लॉर्ड कॉटनहॅम हे लॉर्ड चान्सेलर होते. एका कालवा कंपनीच्या बाजूने त्यांनी निर्णय दिले. पुढे उघड झाले, की त्या कंपनीचे शेअर त्यांच्याकडे होते. 1852 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ते निर्णय रद्द केले. त्या शेअरांमुळे त्यांचे मन वाकले असेल असे कोणाचेच म्हणणे नव्हते. पण हितसंबंध होता, तेवढे पुरे झाले. हे शहाणपणाचेच आहे. परंतु कायदा हितसंबंध काढून घेऊ शकतो. त्या रिकाम्या जागी आस्था आणून ठेवणे त्याच्या हाती नाही. शेअर नसलेला न्यायाधीश कागद न वाचताही निकाल देऊ शकतो.

रामशास्त्री प्रभुण्यांना आपण 'निःस्पृह' म्हणतो, आणि हा शब्द अजून तरी मळलेला नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रघुनाथराव सत्तेवर असताना शास्त्रीबोवांनी चौकशी केली, त्यांनाच दोषी ठरवले आणि नोकरी सोडून ते निघून गेले. त्यांचा हितसंबंध गप्प बसण्यात होता. रस मात्र त्यांना इतका होता, की गप्प बसवले नाही. 'डिसइंटरेस्टेड' या शब्दाचा अर्थ मला विचारला, तर पंचाचे उदाहरण मी दुसरे देईन, हे पहिले.

यावर कोणी म्हणेल, की शास्त्रीबोवांचाही स्वार्थ होताच: कीर्तीचा, पुण्याचा, आपल्या मनाच्या शांतीचा. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, कारण तो कोणत्याही कृत्याला लावता येतो. त्याला विल्यम हॅझलिट या इंग्रज निबंधकाराने सत्ताविसाव्या वर्षाच्या सुमारास, 1805 साली छापलेल्या एका पुस्तकात उत्तर दिले आहे. ते पुस्तक तेव्हा फारसे कोणी वाचले नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: उद्याचा मी अजून अस्तित्वात नाही. त्याच्या सुखदुःखाची मला आज काळजी वाटते ती केवळ कल्पनेच्या जोरावर. आणि ज्या कल्पनेने मी त्या उद्याच्या माणसापर्यंत पोचतो, तिनेच शेजारच्या माणसापर्यंतही पोचतो. म्हणून स्वार्थ स्वाभाविक आणि परार्थ उसना, असे म्हणायला मुळात आधार नाही. हॅझलिटचे सगळेच मला पटते असे नाही. उद्याच्या माझ्या दाढदुखीची जेवढी स्पष्ट कल्पना मला येते तेवढी शेजाऱ्याच्या दाढदुखीची येत नाही, हे कोणीही कबूल करील. पण हा फरक कमीअधिकपणाचा आहे, जातीचा नाही. आणि एवढे मान्य केले तरी रामशास्त्री समजण्यापलीकडचे राहत नाहीत.

आपल्या न्यायालयांनी तर हा प्रश्न पार उलटा करून पाहिला आहे. न्यायाधीशाचा हितसंबंध नसावा, पण फिर्याद करणाऱ्याचा असलाच पाहिजे, असा जुना दंडक. ज्याचे काही बिघडले नाही त्याला दाराशी उभे करीत नसत. 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने एस. पी. गुप्ता खटल्यात हे दार रुंद केले: ज्यांना स्वतः न्यायालयात येता येत नाही, त्यांच्यासाठी कोणीही सार्वजनिक बुद्धीचा मनुष्य येऊ शकेल. जनहित याचिका हे नाव तेव्हापासून सर्वांच्या तोंडी झाले. आता गावच्या तळ्यासाठी एखादा मास्तर याचिका घेऊन उभा राहतो तेव्हा त्याचे तेथे शेत आहे का, त्याला कोणी पैसे दिले का, हे न्यायालयालाही तपासावे लागते, कारण नावापुरते जनहित पुढे करणारेही पुष्कळ निघाले. आणि गावात, पारावर, तळ्याचे काय झाले हे विचारण्याआधी लोक विचारतात, "मास्तरांचे यात काय आहे?"