लोटांगण

"केवढी असते गं ती तुझी छत्री?" आईनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी चौरस फुटांत उत्तर दिलं. चौरस फूट तिला माझ्यापेक्षा चांगले कळतात. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत तिनं सहा माणसांचा संसार केला. माझी छत्री १९० ची. म्हणजे आमची खोली आणि वर एक मोरी. आईनं मनाशी मापं घेतली आणि म्हणाली, "एकटीला पुरे."

पुढे कधीतरी बोलता बोलता मी तिला सांगितलं, की अनुभव वाढला की इथे लोक लहान छत्री घेतात. लहान छत्री वेगानं जाते, बोटाच्या इशाऱ्यावर वळते. आईला ते काही केल्या पटेना. "आम्ही जन्मभर मोठ्या खोलीची वाट बघितली, आणि तुम्ही पैसे मोजून लहान घेता?"

कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेकडच्या वाळवंटी पट्ट्यात मी गेली नऊ वर्षं उड्या मारते आहे. विमान तेरा हजार फुटांवर नेतं, मिनिटभर आपण नुसते पडत असतो, मग चार हजारांच्या आसपास छत्री उघडतो. पाहणाऱ्याला वाटतं, धोका त्या पडण्यात आहे. पण पडताना खाली भरपूर हवा असते, चूक सुधारायला जागा असते. शेवटच्या तीनशे फुटांत ती जागा संपते. डोक्यावर धडधाकट उघडलेली छत्री असताना माणसं जायबंदी होतात, ती तिथे.

सांगलीकर मला भेटला तो विमानाच्या दारात. उडी मारण्याआधी मी पुटपुटलेलं "मोरया" त्याच्या कानावर पडलं आणि खाली उतरल्यावर तो धावत आला. त्या दिवसापासून मी त्याची ताई. शाळेत असताना, २००४ साली, पुण्याच्या शीतल महाजन यांनी उत्तर ध्रुवावर उडी मारल्याची बातमी त्यानं वाचली होती. तेव्हापासून हे वेड डोक्यात होतं. हात चांगला होता त्याचा. पंचवीस उड्यांत परवाना मिळवला, आणि दहाव्या उडीपासून तो पायांवर उभा उतरू लागला.

उभं उतरायचं तर वेळेवर फ्लेअर करता यावा लागतो. दोन्ही हातांतल्या दोऱ्या, म्हणजे टॉगल, जमिनीपासून दहा-पंधरा फुटांवर एका दमात खाली ओढायच्या. छत्रीची मागची कड वाकते, ती पुढे जाता जाता उचलली जाते आणि क्षणभर आपण जमिनीला समांतर तरंगतो. नजर पायांखाली नाही, समोर ठेवायची. चुकून लवकर ओढलं तर हात आहेत तिथेच धरायचे. घाबरून वर सोडले की छत्री पुढे झेपावते आणि माणूस आपटतो. सांगलीकराला हे सगळं सहज जमलं.

पण पहिल्याच दिवशी आणखी एक गोष्ट शिकवतात. उतरणं बिघडतंय असं दिसलं, की दोन्ही पावलं आणि गुडघे घट्ट जुळवायचे, हनुवटी छातीशी घ्यायची, आणि जमीन लागताच पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ असं तिरकं लोळायचं. धक्का एका हाडावर न बसता अंगभर वाटला जातो. छत्रीधारी सैनिकांची ही जुनी विद्या. आम्ही मराठी माणसं तिला लोटांगण म्हणायचो. सांगलीकरानं ते दोनदा केलं आणि सोडून दिलं. "ताई, मी उभा उतरणारा माणूस. लोटांगण देवळात घालीन."

आमच्याकडच्या रिगरबाई सत्तरीच्या. आपसात आम्ही त्यांना आजी म्हणतो. राखीव छत्रीची घडी परवानाधारक रिगरनंच घालायची आणि ती दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा घालायची, असा अमेरिकेत कायदा आहे. आजींच्या लांबलचक टेबलावर हे काम तासन्‌तास चालतं. एकेक शिवण बोटाखालून जाते, एकेक दोरी ताणून पाहिली जाते. शेवटी पिनेवर एक लाल दोरा बांधून त्यावर शिशाचं सील दाबतात. तो दोरा अखंड असेल तर आजींच्यानंतर आत कुणाचा हात लागलेला नाही, एवढा त्याचा अर्थ. मला तो दोरा पाहिला की नेहमी राखी आठवते.

शहाण्णव उड्या झाल्या तेव्हा सांगलीकर एक जुनी रिग, म्हणजे पाठीवरची पिशवी आणि आतल्या दोन्ही छत्र्या, विकत घेऊन आजींकडे आला. मुख्य छत्री १३५ चौरस फुटांची. पाठीवरची पिशवी लहान, त्यामुळे तिच्यात मावणारी राखीव छत्रीही लहान, १२६ ची. सगळ्या सामानासकट त्याचं वजन १९६ पाउंड. छत्रीवरचा भार मोजायला पाउंडांना चौरस फुटांनी भागायचं. आधीच्या १९० च्या छत्रीखाली उत्तर एकच्या जरासं वर येत होतं, १३५ खाली ते जवळजवळ दीडवर गेलं. शंभरेक उड्या होईपर्यंत एकच्या आसपास राहावं, हा जाणत्यांचा साधा सल्ला.

आजींनी मुख्य छत्रीकडे पाहिलंही नाही. राखीव छत्री टेबलावर पसरली आणि विचारलं, "हवेत कुणाचा गुडघा तुझ्या डोक्यात बसला. तू बेशुद्ध. साडेसातशे फुटांवर यंत्रानं ही उघडली. टॉगल ओढायला कुणी नाही, वारा पाठीमागून. अशा वेळी तुझ्या डोक्यावर केवढं कापड असावं?"

"पण असं किती वेळा होतं?" सांगलीकरानं विचारलं.

"एकदाच," आजी म्हणाल्या.

तो हसला. मीही हसले. ते हसणं आज आठवलं की अंगावर काटा येतो.

रिगमध्ये दोष नव्हता. आजींनी आपलं काम केलं, लाल दोरा बांधला आणि एवढंच म्हणाल्या, "शिवण उत्तम आहे. बाकीचं तुझ्या हातात."

त्या पिशवीत काय नव्हतं? मुख्य छत्री सोडून दिली तर राखीव आपोआप ओढणारी पट्टी होती. राखीव छत्री आपोआप उघडणारं, १९९१ पासून हजारो पाठींवर बसलेलं सायप्रेस यंत्र होतं. तोंड झाकणारं हेल्मेट होतं, कानात उंची सांगणारा बझर होता, दोऱ्या कापायचा आकडी चाकू होता. पण सायप्रेस जागं होतं ते साडेसातशे फुटांवर माणूस ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर पडत असेल तेव्हा. छत्री उघडी असेल तर त्याच्या लेखी सगळं ठीक असतं. छत्री झटकन सोडता यावी म्हणून तीन कड्यांची युक्ती काढणारे बिल बूथ यांनी फार पूर्वी म्हणून ठेवलंय, की साधनं जितकी सुरक्षित होत जातात तितकी माणसं धोका वाढवत नेतात आणि अपघात आहेत तेवढेच राहतात. सांगलीकराला वाटलं, एवढं सामान अंगावर आहे, तर कापड थोडं कमी चालेल.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय ही कथा पुरी व्हायची नाही.

नव्या छत्रीच्या सहाव्या उडीत सांगलीकरानं शेवटचं वळण दीडशे फुटांवर घेतलं. एरवी हे वळण तीनशेवर उरकायचं असतं. हजार फुटांवर वारा पाठीशी घेऊन, सहाशेवर आडवं, तीनशेवर वाऱ्याला सामोरं आणि मग सरळ. मी खाली उभी होते. छत्री तिरकी होऊन घसरत खाली आली आणि पाय टेकायच्या जेमतेम आधी डोक्यावर सरळ झाली. एक क्षण आधी फक्त. तो उभा उतरला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. घामेजलेला, चमकत्या डोळ्यांचा तो माझ्यापाशी आला.

"ताई, कसं झालं?"

मला दिसलं होतं. ते वळण त्याच्या हातानं पुरं झालं नव्हतं, नशिबानं झालं होतं. पण चारचौघांत त्याचा चेहरा पडेल, हिला लहान छत्री झेपत नाही म्हणून बोलते असं कुणी म्हणेल, असं काहीबाही मनात आलं. मी म्हणाले, "मस्त!"

दोन आठवड्यांनी, सकाळची वेळ. वाळवंटात सकाळी वारा एक दिशा धरून राहत नाही. आमच्याकडे सगळ्यात आधी उतरणारा ज्या दिशेनं उतरेल तीच दिशा सगळ्यांनी धरायची. सांगलीकर त्याप्रमाणे सरळ येत होता, शंभर-सव्वाशे फुटांवर. तेवढ्यात वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी डुलली आणि पूर्ण फिरली. वारा त्याच्या पाठीवर आला. वारा असा कितीसा? ताशी आठ किलोमीटर. तसाच सरळ आला असता तर थोडा जास्त वेगानं आला असता. लोळला असता, पँट फाटली असती, कोपर सोललं असतं.

त्याला उभं उतरायचं होतं. त्यानं उजवा टॉगल ओढला.

एक बाजू ओढली की त्या बाजूचं कापड मागे राहतं, छत्री कलते, खालचा माणूस झोक्यासारखा बाहेर फेकला जातो आणि छत्री नाक खाली करून सूर मारते. टॉगल सोडला तरी सूर लगेच थांबत नाही. माणूस पुन्हा छत्रीखाली यायला वेळ लागतो, आणि तो वेळ उंचीच्या रूपानं मोजावा लागतो. छत्री जितकी लहान, तितकं हे सगळं झपाट्यानं होतं. त्याच्यापाशी मोजायला शंभर फूट होते. ते पुरले नाहीत.

आवाज मी कधी विसरणार नाही, त्याचं वर्णनही करणार नाही. आम्ही धावलो. सगळ्यांच्या पुढे आजी होत्या, सत्तरीच्या. त्या त्याच्याकडे गेल्या नाहीत, छत्रीकडे गेल्या. वाऱ्यानं ती पुन्हा भरू लागली होती आणि मोडलेल्या पायासकट त्याला ओढणार होती. आजी तिच्यावर पालथ्या पडल्या आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कापड पोटाखाली धरून पडून राहिल्या.

मांडीचं हाड दोन जागी, घोटा, दोन बरगड्या. हेल्मेटवर हनुवटीपासून कानापर्यंत खोल ओरखडा होता, डोकं मात्र शाबूत. हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "ताई, आजी म्हणाल्या असतील ना, मी सांगितलं होतं म्हणून?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी सांगितलं तरी होतं. मी बघितलं आणि बोलले नाही."

त्या सहाव्या उडीबद्दल मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. त्यानं मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. "तू बोलली असतीस तरी मी ऐकलं नसतं," एवढंच तो म्हणाला. खरंही असेल. त्यानं माझं न बोलणं धुऊन निघत नाही.

चौदा महिन्यांनी तो परत आला. मांडीत सळई, चालताना किंचित लंगडतो. आजींच्या टेबलावर त्यानं ठेवली ती रिग २१० ची होती आणि राखीव छत्रीही तिच्या तोलाची. आजींनी कापड पसरलं, तळव्यानं थोपटलं, बराच वेळ लावून घडी घातली. लाल दोरा बांधताना त्याला टेबलाजवळ बोलावलं आणि सील दाबायचा दट्ट्या आपल्या हाताखाली त्यालाही धरू दिला.

मग महिनाभर तो वळणं शिकला. तीन हजार फुटांवर, जिथे चूक परवडते तिथे. दोन्ही टॉगल अर्धे खाली धरायचे आणि एक जरासा सोडायचा. छत्री सूर न मारता सपाट फिरते. अडथळा आला, वारा फिरला, तर जमिनीजवळ एवढंच वळण चालतं. उतरताना आधी काय आणि मग काय, हे त्यानं मराठीत लिहून हेल्मेटात चिकटवलं होतं: छत्री सपाट, जागा मोकळी, फ्लेअर निदान अर्धा, लोटांगण. मी तो कागद दोनदा वाचला. शाळेतल्यासारखं सुवाच्य अक्षर. वाऱ्याचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

मार्चमधली सकाळ. मी आधी उतरले होते, छत्री गोळा करत होते. तो तीनशे फुटांवर सरळ झाला आणि वाऱ्याची नळी डुलली. मी छत्री टाकून दिली. आजी त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नळी फिरत फिरत त्याच्या पाठीशी गेली.

त्याचे हात हलले नाहीत. छत्री सपाट. तो वेगानं येत होता, डोळ्यांना न आवडणाऱ्या वेगानं, पण सरळ. दहा फुटांवर दोन्ही हात खाली आले. पाय जमिनीला लागले आणि तो कलला. पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ. धुळीचा लोट उठला, त्यात तो दिसेनासा झाला. छत्री पुढे जाऊन हळूच पडली.

मी पोचले तेव्हा तो बसला होता. दातांत माती, भुवयांत माती, बाहीला काटे चिकटलेले. धापा टाकत त्यानं वर बघितलं.

"ताई, पावलं जुळली होती?"

"पावलं जुळली होती," मी म्हणाले. "गुडघे जरा फाकले होते."