धीर देणारा सोटा

फ्रान्समधल्या बायो गावात सुमारे ७० मीटर लांबीचा एक भरतकामाचा पट जपून ठेवला आहे. १०६६ सालची हेस्टिंग्जची लढाई त्यावर लोकरीच्या धाग्यांनी भरली आहे. ऐन धुमश्चक्रीत नॉर्मंडीच्या विल्यमचा सावत्र भाऊ, बिशप ओडो, घोड्यावर स्वार होऊन हातातला जाडजूड सोटा उगारताना दिसतो. त्याच्या डोक्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की बिशप पोरांना ‘कन्फोर्टाट’ करतोय.

‘कम्फर्ट’ हा शब्द याच क्रियापदातून, फ्रेंचच्या वाटेनं इंग्रजीत आला. त्यातला लॅटिन ‘फोर्टिस’ म्हणजे बळकट, म्हणून मूळ अर्थ बळ देणं. सोफा, एसी, कपडे मऊ करणारं द्रावण, यांच्याशी तेव्हा त्याचा काडीचाही संबंध नव्हता. चौदाव्या शतकातल्या वायक्लिफच्या इंग्रजी बायबलमध्ये तर यशयाच्या ग्रंथातले कारागीर घडवलेली मूर्ती हलू नये म्हणून तिला खिळे ठोकतात, आणि तिथंही क्रियापद हेच!

आरामाचा अर्थ पुष्कळ नंतरचा. पण पवित्र आत्म्याला इंग्रजी बायबलनं ‘कम्फर्टर’ म्हटलं, ते जुन्या अर्थाच्या बळावर. मराठी बायबलात त्या जागी ‘कैवारी’ आहे. तोही डोळे पुसत बसणारा नव्हे, बाजू घेऊन उभा राहणारा.

मग दुःखात बुडालेल्याला धर्मानं द्यावं काय, मायेची ऊब की उभं राहायचं बळ? जुना अर्थ रुबाबदार खरा, पण त्यात ओडोचा सोटाही आलाच. ‘खंबीर राहा’ हा सल्ला देणाऱ्याला सोपा असतो. ऐकणाऱ्याच्या पाठीत तो कधीकधी रट्ट्यासारखा बसतो.

बायबलातल्या ईयोबाचं तेच झालं. मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड उठले. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तेवढंच त्यांना नीट जमलं. ईयोबानं तोंड उघडताच त्यांनी तत्त्वज्ञान सुरू केलं: देव न्यायी आहे, तेव्हा चूक तुझीच असणार. इंग्रजीत ‘ईयोबाचा कम्फर्टर’ म्हणजे धीर द्यायला येऊन जखमेवर मीठ चोळणारा, ते यावरूनच.

अखेरीस देवाचा कोप झाला तो या शहाण्यांवर. सात बैल आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडे जा, असं त्यानं फर्मावलं. तुमच्यासाठी प्रार्थना तो करील, आणि मी ऐकेन ती त्याचीच.