मनगटावरची अहिंसा

मुंबईच्या मे महिन्यात घड्याळाचा चामडी पट्टा दुपारपर्यंत घामाने भिजतो, वाळला की कडक होतो आणि वास मारू लागतो. म्हणून अनेकजण रबराकडे वळतात. बहुतेक धार्मिक जैन घरांत मात्र चामडे आधीपासूनच वर्ज्य असते. दोघांच्याही मनगटावर रबरच. मग पुण्य सारखेच का?

जैन आचार्य उमास्वातींचे ‘तत्त्वार्थसूत्र’ हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेफिकिरीत, शोधते. जैन विचारात द्रव्यहिंसा आणि भावहिंसा वेगळ्या: एक हातून घडते, दुसरी मनात. केवळ सोयीसाठी चामडे टाळणाऱ्याच्या हातून एक इजा टळते, पण त्याची नजर प्राण्यापर्यंत गेलेली नसते.

रबरही पारखून घ्यावे लागते. केरळात पहाटे झाडाची साल तिरकी कापून चीक काढतात. झाड मरत नाही, पण नैसर्गिक रबराची काहींना ॲलर्जी असते. सिलिकॉन मऊ, मात्र धूळ ओढणारे. फ्लोरिनयुक्त कृत्रिम रबर घामाला दाद देत नाही. ते महाग असते आणि कचऱ्यात वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. आतून खाचा असलेला पट्टा एक भोक सैल बांधला की त्वचेला वारा लागतो.

अहिंसेचे व्रत पाळणाऱ्याने दुकानात रबर कोणते हे विचारावे, आणि जुना पट्टा टिकेल तोवर नवा घेऊ नये. अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे साठा न करणे, हेही जैनांच्या पाच व्रतांपैकीच एक आहे.