नखाला लागणारी कड

बसा. स्टूल नसेल तर पोतं अंथरा. मोटरला आज हात लावायचा नाही. वीज तशीही दुपारपासून नाही. बॅटरी लेथच्या टोकाशी बेडवर आडवी ठेवा. वरून पडणाऱ्या उजेडात बीड सगळीकडे सारखंच दिसतं. आडव्या उजेडात त्याची झीज दिसते.

पत्र्यावर पाऊस चालू आहे. सूर्यमाळला जुलैत तो थांबायची वाट कुणी बघत नाही, तुम्हीही बघू नका. त्यातले आवाज वेगळे काढा. आधी पत्रा. मग पागोळ्या. मग लांबचा ओढा. ओढा ऐकू यायला लागला की उजवा तळवा बेडवर ठेवा.

गार आहे. आणि ओलं. छप्पर गळत नाहीये. गारठलेल्या लोखंडाला दमट हवा लागली की हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतं तसं. टनभर बीड लवकर ऊब धरत नाही, म्हणून धुकं घरात शिरलं की लेथला सगळ्यांत आधी घाम फुटतो आणि सगळ्यांत उशिरा वाळतो. रात्रीत तांबूस झाक, दोन दिवसांत गंज. तेव्हा पहिलं काम दुरुस्तीचं नाही, पुसण्याचं. सुकं फडकं, मग तेलाचं. शेजारच्या आजींनी मोहाच्या बियांचं तेल सुचवलं होतं. लावून पाहिलं; थंडीत ते तुपासारखं थिजलं आणि हत्यार घेऊन सरकणारं कॅरेज जागचं हलेना. तेव्हापासून मशीनला मशीनचं तेल, आणि मोहाचं आजींच्या गुडघ्यांना.

पुसा. सावकाश. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पुन्हा.

आता नख. बेडच्या ज्या रुळांवर कॅरेज सरकतं त्यांतला पुढचा रूळ घ्या. टेलस्टॉककडच्या, म्हणजे चकच्या विरुद्ध टोकाला तर्जनीचं नख रुळावर आडवं ओढा. काही लागणार नाही. हात उचलून काम पकडणाऱ्या चकजवळ आणा, वीतभर अलीकडे, आणि तसंच ओढा. इथे कड लागते. अगदी बारीक, पण नख अडखळतं. पाचेक थाउ असेल, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पाच. डोक्यावरचा एक केस तीन थाउंच्या आसपास भरतो. दीड-दोन केसांएवढी पायरी बोटाला कळते आणि डोळ्याला सहज कळत नाही, हे मला अजून नवलाचं वाटतं.

तिथेच थांबा. ही पायरी कशी पडली, याचा विचार करा. लेथवर लांब शाफ्ट क्वचित येतो. येतात ते बुश, पिना, पुली, पंपाचे तुकडे, सगळी आखूड कामं आणि सगळी चकला चिकटून. वर्षानुवर्षं कॅरेज त्या फूटभर जागेतच जा-ये करत राहतं. तेलात बिडाचा कीस मिसळतो, त्याची खरखरीत खळ होते आणि तीच रूळ खात बसते. दुसरं टोक मात्र कारखान्यातून निघालं तेव्हासारखंच. म्हणजे जिथे काम झालं तिथे खड्डा आहे, आणि जिथे बेड कोराच राहिला तिथे खरं माप आहे. खड्ड्याला खड्डा म्हणायला माझी जीभ जरा कचरते.

हा लेथ हरिहरचा. तुंगभद्रेकाठी १९४१ साली म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली, तिथला. त्याआधी तीस-एक वर्षं, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली होती. त्यांचे लोखंडी नांगर सुरुवातीला खपेनात, कारण लोखंडानं जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची धास्ती होती. पुढे त्याच घरानं लेथ केले, आणि त्यांतला एक भंगाराच्या भावानं, टेम्पोत दोरखंडानं जखडून, कसाऱ्याकडून विहीगावची वळणं चढत खोडाळ्याच्या वाटेनं इथवर आला. उतरवताना आठ माणसं, दोन पहारी आणि पाइपांचे तुकडे लागले. रंग खरवडला तर चार थर निघाले: हिरवा, राखाडी, पुन्हा हिरवा, आणि तळाशी लांबी. मोखाड्याच्या बोहाड्याच्या उत्सवात मुखवट्यांवर नवा रंग चढतो, तसं कुणी तरी ह्यालाही वेळोवेळी नटवलं होतं. रुळांना मात्र कुणी हात लावला नव्हता.

आता निळा, म्हणजे उंचवटे दाखवणारा रंग. डबी उघडा, बोटावर अगदी थोडा घ्या. स्ट्रेट एज म्हणजे सरळ माहीत असलेली बिडाची पट्टी. तिच्या तोंडावर निळा इतका पातळ पसरा की खालचं लोखंड दिसत राहील. पट्टी रुळावर ठेवा, दोन बोटं पुढे, दोन बोटं मागे सरकवा, अलगद उचला. रुळावर निळे ठिपके उमटले असतील. जिथे ठिपका, तिथे उंच. जिथे काही नाही, तिथे खोल.

खोल जागेचं काहीच करायचं नाही. तिच्यात भर घालता येत नाही. स्क्रेपर घ्या, मूठ कमरेशी टेकवा आणि उंच ठिपक्यावरून एक छोटा रेटा मारा. निघतो तो कीस फुंकरीनं उडेल इतका. पुन्हा निळा, पुन्हा पट्टी, पुन्हा ठिपके. दर खेपेला रेट्याची दिशा बदला, नाहीतर स्क्रेपर आपल्याच वाटेत सऱ्या पाडतो. ठिपके आधी दोन-चार, मोठे आणि गडद. नंतर लहान होत जातात आणि संख्येनं वाढतात. चौरस इंचात दहा-पंधरा झाले की बस्स. नखं बिडातल्या ग्राफाइटनं काळी होतील. एका रुळाला मला सोळा संध्याकाळी लागल्या, आणि सातव्या संध्याकाळी मी रागाच्या भरात एका जागी जास्त ओरबाडलं. मग त्या एका जागेसाठी अख्खा रूळ तिच्याएवढा खाली आणावा लागला.

हात थकला असेल तर स्क्रेपर ठेवा आणि हे मनात घोळवा. ती पट्टी सरळ आहे, हे कुणी सांगितलं? दुसऱ्या पट्टीनं. आणि तिला? इंग्लंडातला जोसेफ व्हिटवर्थ, जो तरुणपणी लंडनला हेन्री मॉड्स्ले याच्या कारखान्यात कामाला होता, त्यानं १८४० साली ग्लासगोत विद्वानांपुढे ह्याचं उत्तर मांडलं. दोन लाद्या एकमेकींवर घासून चालत नाही. एकीला फुगवटा आणि दुसरीला तेवढाच खोलगटपणा असला, तरी दोघी अगदी बिनचूक जुळतात. तिसरी लादी घ्यावी लागते. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी. तिघी आलटून पालटून जुळल्या तरच तिघी सपाट. सुरुवातीला तिघींतली एकही खरी नसते, आणि बाहेरून खरं काही आणलेलंही नसतं. तीन तिरपागड्या लाद्या, थोडा निळा आणि कुणाचा तरी हात.

पाऊस जरा कमी झालाय. ऐका.

बेडवर लेव्हल ठेवली आहे, तिच्या बुडबुड्याकडे बघा. काल तो मधोमध होता, आज चकच्या बाजूला सरकलाय. लेथच्या पायांखाली मुरूम आहे आणि मुरूम पाणी प्यायला. एक पाय सुतानं खचला तरी एवढं जाड बीड पिळतं. ते दगडासारखं दिसतं, पण दगड नाही. कारखान्यांतून पूर्वी ओतलेले बेड महिनोन्‌महिने उघड्यावर, उन्हापावसात टाकून ठेवत, आतला ताण निवू देत, आणि मगच त्यांना हत्यार लावत. मुरूम बसेपर्यंत आपणही पायाच्या बोल्टला हात लावायला नको. पावसाळा जाऊ दे. खंडेनवमीला ह्याच्यावर झेंडू चढेल, तोवर बुडबुडाही जागेवर येईल असा माझा अंदाज आहे. मागच्या वर्षी चुकला होता.

उठण्याआधी चकवर हात टेकवा. चावी चकमध्ये राहिलेली नाही ना, बघा. वीज नसली तरी बघा. मग चक हातानं फिरवा, एकच फेरा. बेअरिंगचा आवाज पावसाखाली जेमतेम येतो, जात्याचा यावा तसा. लेथवर गोधडी घालण्यापूर्वी नख पुन्हा त्या जागी न्या, चकपासून वीतभर, आणि आडवं ओढा.

किंचित लागतंय अजून. किती, ते उद्या उजेडात मोजू.