आधी कान, मग जीभ

परभाषा नैसर्गिक पद्धतीने शिकवताना सुरुवातीच्या तासांना विद्यार्थ्यांनी बोलावे अशी अपेक्षाच नसते. बोलतात ते शिक्षक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत स्पॅनिश शिकवणारे ट्रेसी टेरेल यांनी १९७७ मध्ये ही रीत मांडली. १९८३ मध्ये भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशेन यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात तिला सिद्धांताची बैठक मिळाली.

नियम पाठ करून मिळणारे ज्ञान निराळे आणि ऐकता-वाचता नकळत अंगी मुरणारी भाषा निराळी, हे क्रॅशेन यांचे मूळ म्हणणे. बोलताना कामी येते ती मुरलेली भाषाच. नियम उपयोगी पडले तरी आपले वाक्य तपासून घेण्यापुरते, तेही सवड असेल तर. भाषा मुरते ती समजणाऱ्या बोलण्यातून, आवाक्याच्या जेमतेम एक पायरी वरच्या. चुकण्याची धास्ती असली की असे बोलणेही कानावरून निघून जाते.

वर्गात हे असे चालते: शिक्षिका स्वतःच्या केसांवरून हात फिरवत ‘पेलो’ म्हणते, हात लांबवून ‘लार्गो’ दाखवते आणि विचारते, ‘‘किएन तिएने एल पेलो लार्गो?’’ लांब केस कोणाचे? उत्तरादाखल वर्गाने फक्त त्या मुलीचे नाव घ्यायचे. काही दिवसांनी ‘हो’ किंवा ‘नाही’, मग ‘काळे की तपकिरी?’ यातला एक शब्द, नंतर तुटक वाक्ये. कोणी चुकले तर शिक्षिका तेच वाक्य बरोबर म्हणून पुढे जाते. बाहेरून हे सोपे दिसते, पण कोणाला काय समजले हे चेहऱ्यांवरून ताडत तोलून बोलणे फार कष्टाचे काम आहे.

केवळ ऐकून कुठवर जाता येते, याचा दाखला कॅनडात मिळाला. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये १९६५ साली इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहावरून बालवर्ग फ्रेंचमधून सुरू झाला. मुले आधी इंग्रजीत बोलत, शिक्षिका फ्रेंचमध्येच उत्तर देई. अशा शाळांतल्या मुलांना ऐकलेले-वाचलेले फ्रेंच उत्तम समजू लागले आणि त्यांचे इंग्रजीही मागे पडले नाही. बोलण्यात मात्र लिंगाच्या आणि क्रियापदांच्या चुका वर्षानुवर्षे टिकल्या. भाषा-अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्याचे कारण सुचवले. ऐकणाऱ्याला ‘ताब्ल’ म्हणजे टेबल एवढे कळले की पुरते. त्याच्याआधी ‘ला’ आले की ‘ल’, याकडे लक्ष द्यावेच लागत नाही. बोलणाऱ्याला मात्र दोहोंपैकी एक निवडावेच लागते. म्हणून, समजून घेण्यासोबतच अचूक बोलायला भाग पाडणारे प्रसंगही वर्गात हवेत, असे त्यांचे मत. ते पटण्याजोगे आहे.

क्रॅशेन समजण्यालाच महत्त्व देत राहिले. टेरेल यांनी मात्र १९९१ च्या लेखात आपली भूमिका सैल केली: भरपूर ऐकवण्याच्या जोडीला व्याकरणाचे थोडे स्पष्टीकरण दिले, तर एरवी निसटणारी रूपे प्रौढ विद्यार्थ्याला ऐकताना टिपता येतात, अशी जागा त्यांनी त्यात ठेवली.