घंटा कुठल्या हाताला आहे?

महालात 'नर्सिंग होम' म्हटलं की म्हाताऱ्यांना सांभाळणारी संस्था कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. येतं ते गल्लीतलं दहा-वीस खाटांचं हॉस्पिटल. खाली ओपीडी आणि औषधांचं दुकान, वर वॉर्ड, आणि त्याच्याही वर बहुधा डॉक्टरांचं घर. असल्या जागी माणूस बाळंतपणाला जातो, हर्नियाला जातो, आणि हल्ली वय झालं की नुसता पडून राहायलाही जातो. कारण घरी दिवसभर कोणी नसतं आणि वृद्धाश्रम अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घ्यायला सहसा तयार नसतात.

माझी मावशी अशाच एका ठिकाणी सव्वा महिना होती. नाव सांगत नाही, कारण जे सांगायचं आहे ते त्या एकाच जागेचं नाही. तिला पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळपास गेली. एक शब्द तेवढा उरला, 'चहा'. पाणी हवं असलं तरी चहा, पाय दुखला तरी चहा, मी निघाले की दाराकडे बघत तेच.

एका सकाळी गेले तर सगळं पालटलेलं. फरशीला फिनाईलचा वास, खाटांवर कोऱ्या चादरी, बेसिनवर हात धुवायच्या साबणाची नवी बाटली. "आज कार्पोरेशनचे साहेब येणार हायेत," आयाबाई म्हणाल्या. साहेब आले, अर्ध्या तासात वॉर्ड बघितला, कागदावर खुणा केल्या. मावशीच्या खाटेशीही थांबले. रुग्णाला बोलवायला घंटा आहे का? आहे. वाजते का? त्यांनी स्वतः दाबून बघितली. वाजली. खूण झाली.

घंटा मावशीच्या उजव्या हाताला होती.

हे त्या दिवशी माझ्याही लक्षात आलं नाही. चार दिवसांनी, पहाटे ओल्या चादरीवर ती रडत पडलेली सापडली, तेव्हा आलं.

मला पडलेला प्रश्न त्यानंतरचा आहे. त्या तपासणीत खोटं काय होतं? चादरींचं सोडून देऊ, पाहुणे यायचे म्हटल्यावर आपणही घर आवरतो. घंटा खरोखर होती. ती खरोखर वाजत होती. साहेबांनी पैसे खाल्ले, असं म्हणायलाही माझ्याकडे काही आधार नाही. त्यांनी काम नीट केलं, कागदावरची प्रत्येक खूण खरी होती, आणि तरीही त्या खाटेवरच्या बाईपुरता तो सगळा कागद खोटा होता. असं कसं होतं?

एक उत्तर आपल्या भाषेतच पडलेलं आहे. 1949 चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम हा आपल्याकडचा या विषयावरचा मूळ कायदा. केंद्राने 2010 मध्ये वैद्यकीय आस्थापनांचा नवा कायदा केला, पण महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही, जुनाच चालू ठेवला. शहरात नोंदणी आणि तपासणी महापालिकेकडे असते. जानेवारी 2021 मध्ये या कायद्याखालच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. कायद्याने 'नर्सिंग होम'ला शब्द निवडला तो शुश्रूषागृह. शुश्रूषा हा शब्द 'श्रु' या धातूवरून आला. श्रु म्हणजे ऐकणं, आणि शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकण्याची इच्छा, त्यावरून सेवा, आणि सेवेवरून आजाऱ्याची देखभाल, असा त्याचा प्रवास झाला.

आता तपासणीचे शब्द बघा. निरीक्षण, पाहणी, दर्शनी भाग. सगळे डोळ्यांचे. जी गोष्ट मुळात कानाची आहे ती आपण डोळ्यांनी मोजायला जातो. खाटा, खिडक्या, चादरी, प्रमाणपत्रं दिसतात. रात्री अडीचला मारलेली हाक दिसत नाही.

मावशीची हाक ऐकणारी एक बाई तिथे होती. रात्रपाळीची आया. बारा तासांची ड्यूटी, वॉर्डातले सगळे पेशंट एकटीच्या अंगावर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी मावशीला कपबशीने चहा पाजायला लागले तर ती मला म्हणाली, "ताई, त्यायले चहा नाई पाह्यजे जी. कूस बदलून पाह्यजे. लांबवून म्हनल्या का कूस, तोडून म्हनल्या का पानी." मी सख्खी भाची, आणि मला हे कळलं नव्हतं. ही बाई परिचारिका नव्हती, तिचं कुठलं प्रशिक्षण झालेलं नव्हतं. तपासणीच्या कागदावर ती उणी बाजू म्हणूनच आली असती, अप्रशिक्षित कर्मचारी. पहाटे चादर ओली सापडली ती तिच्या सुट्टीची रात्र होती.

इथे एक मोह होतो. म्हणावंसं वाटतं की तपासण्या म्हणजे निव्वळ कागदी सोंग, खरं काय ते माणसाच्या मनात असतं, आयाबाई चांगली भेटली की झालं. हे म्हणणं गोड आहे आणि धोक्याचं आहे.

नागपुरापासून भंडारा साठेक किलोमीटर. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे, दीडच्या सुमारास, तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत सतरा बाळं होती. सात वाचली, दहा गेली. धूर पहिल्यांदा बघितला तो कामावरच्या परिचारिकेनेच. तिने कितीही जिवाच्या आकांताने धाव घेतली तरी भिंतीतली वायर, धुराची सूचना देणारं यंत्र, बाहेर पडायची वाट या गोष्टी काही तिच्या मायेने उभ्या राहणार नव्हत्या. त्या आधी कोणीतरी बघून, मोजून, लिहून, लिहिलेलं अमलात आणून ठेवायला हव्या होत्या. त्या आगीनंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. दहा महिनेही पुरते झाले नव्हते, तोच 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि अकरा रुग्ण गेले. म्हणजे बघायला हवंच, आणि नुसतं बघून भागत नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच वर्षाने आपल्याला शिकवली.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायगीजच्या अंगठीची गोष्ट आहे. अंगठी फिरवली की माणूस अदृश्य होतो, मग कोणी बघत नसताना तो न्यायाने का वागेल, असा तिथला प्रश्न. तपासणीमागचा विचार हाच असतो, की माणसाला दिसता ठेवा म्हणजे तो नीट वागेल. पण वॉर्डात रात्र घालवल्यावर मला वाटलं, इथे अंगठी दुसऱ्याच्याच बोटात आहे. अदृश्य होतो तो आजारी माणूस. जो बोलू शकत नाही, ज्याच्याकडे कोणी येत नाही, ज्याचं बिल कोणी दूरच्या शहरातून फोनवरून भरतं, तो हळूहळू दिसेनासा होतो. त्याच्या आसपासचे लोक दुष्ट असावे लागत नाहीत. ते थकलेले असले तरी पुरतं. म्हणून तपासणीचा खरा प्रश्न 'हे लोक नियम पाळतात का' एवढाच नसतो. 'इथे कोण दिसेनासं झालं आहे' हाही असायला हवा.

अमेरिकेत 1987 मध्ये वृद्धांच्या शुश्रूषागृहांसाठी कायदा झाला. आज तिथे तपासणीत काय सापडलं ते कोणालाही घरबसल्या वाचता येतं आणि 2008 पासून संस्थांना एक ते पाच तारेही दिले जातात. त्यातली खोटही कळायची ती कळली. सुरुवातीला कर्मचारी किती, हे संस्था स्वतःच सांगत. त्यावर बोंब झाल्यावर तो आकडा पगारपत्रकांवरून घ्यायला लागले. तारे बघून आई-बापांना ठेवण्यात शहाणपण किती, हा वाद तिथेही आहे. पण मला हेवा वाटतो तो ताऱ्यांचा नाही. निष्कर्ष चार लोकांना वाचायला मिळतात, याचा. मावशीला ठेवताना मी काय केलं? शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर स्वभावाने चांगले आहेत." गल्लीतल्या सगळ्यांनी असंच ठरवलेलं असतं. तपासणी साहेब आणि मालक या दोघांत संपली, तर ज्याच्यासाठी ती झाली त्याला तिचा उपयोग काय?

याच शहराने एकदा वेगळं काही करून दाखवलं आहे. 1921 मध्ये कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी सीताबर्डीत एक लहानसं प्रसूतिगृह सुरू केलं, त्यातून मातृसेवा संघ उभा राहिला. पुढे महालातही त्याची शाखा आली. कमलाताई तरुण वयात विधवा झालेल्या, आणि परिचारिकेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. त्या काळी सुईणकाम आणि नर्सिंग हलकं मानलं जाई. माया पुरेशी आहे असं त्यांनी मानलं नाही, शिक्षण घेतलं आणि दिलं. आणि शिक्षण पुरेसं आहे असंही मानलं नाही. ऐकणारी बाई आणि शिकलेली बाई एकच असू शकते, तिला पगार आणि मान मिळू शकतो, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी दिसलं. आपण मात्र ऐकणारीला आया म्हणून बारा तास राबवतो आणि शिकलेलीला रजिस्टर भरायला बसवतो.

शेवटी माझं. मावशीला घरी नेताना काउंटरवर एक कागद पुढे आला, सेवेबद्दल अभिप्राय. मी 'समाधानकारक'वर खूण केली. घंटेचं लिहिलं नाही, ओल्या चादरीचं लिहिलं नाही. स्वतःला सांगितलं की पुन्हा गरज लागली तर इथेच यायचं आहे, आणि नाव निघालं तर आधी त्या आयाबाईंवरच येईल. दोन्ही कारणं खरी होती, साहेबांच्या खुणांइतकीच. पुढच्या तपासणीत तो कागद फाइलीत असेल आणि त्या खाटेवर तेव्हा दुसरं कोणी असेल.

घंटा मी हलवून घेतली होती, डाव्या हाताला. वायर जेमतेम पुरली. नंतर ती परत जागेवर गेली असणार.